बाहेरून कशीही, आतून काटेकोर: मधपेट्या आणि बाकीचं सामान घरी करताना

मधमाश्या पाळायचं ठरवल्यावर पहिला डंख सामानाच्या यादीचाच बसतो. पेटी, मधाचे कप्पे, चौकटी, मेणपत्रे, स्मोकर (माश्यांवर धूर सोडायचा डबा), जाळीची टोपी, हातमोजे, चौकट उचकटायची पट्टी, राणी जाळी, मधयंत्र... माझ्या यादीची बेरीज झाली आणि मी वही मिटून ठेवली. काही दिवसांनी ती पुन्हा उघडली, ती एक प्रश्न घेऊन. प्रत्येक वस्तूपुढे तो लिहिला: हिच्या मापात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर माशीला फरक पडतो का? पडत नसेल तर वस्तू घरी करायची, हाताला येईल त्या भंगारातून. पडत असेल तर नीट मोजून करायची, नाहीतर सरळ विकत आणायची. या एका प्रश्नाने अर्ध्याहून जास्त यादी घरातच निघाली.

आजची मधपेटी उभी आहे तीच मुळी मिलिमीटरांच्या हिशेबावर. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ हे अमेरिकेतले एक पाद्री. १८५१ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की पेटीत पाव इंच ते तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ६ ते ९.५ मिलिमीटर फट ठेवली, तर माश्या ती जायला-यायला मोकळी सोडतात. फट त्याहून बारीक असली की झाडांच्या राळेपासून केलेल्या चिकट प्रोपोलिसने ती बुजवून टाकतात. मोठी असली की तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात. पुढच्याच वर्षी त्यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. चौकट म्हणजे माश्या ज्यात पोळं बांधतात तो लाकडी सांगाडा. त्या फटीमुळेच आज आपण पोळं न मोडता चौकट उचलून राणी बघू शकतो. फट चुकली तर महागडी पेटीसुद्धा नुसतं खोकं.

इथे लिहितेय ती मापं मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशीची आहेत. आपली देशी सातेरी अंगाने लहान, त्यामुळे तिच्या पेटीची मापं आणि अंतरंही लहान. ही तिला लावू नयेत.

तर लाकूड. पेटीला शोभेचं लाकूड लागत नाही. हलकं, वाळलेलं, उग्र वासाचं नसलेलं आणि सरळ रेषांचं हवं. यातल्या ‘वाळलेलं’ या अटीकडे मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं. पेटीच्या फळ्या आडव्या बसतात, त्यामुळे फळीची रुंदी म्हणजेच पेटीची उंची. ओल्या फळीची पेटी आज बरोबर मापात असली तरी पुढे वाळून काही मिलिमीटर बुटकी होते, आणि खालच्या-वरच्या चौकटींमधली फट नाहीशी होते. मग वरचा कप्पा उचलायला जावं तर खालच्या चौकटी त्याला चिकटून वर येतात. म्हणून फळ्या आणल्या की मधे काड्या घालून सावलीत रचून ठेवायच्या आणि घाई करायची नाही.

फुकटातलं लाकूड म्हणजे मालाच्या पॅलेटचं. ते घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी दोन अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस किमान ३० मिनिटं. ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं; ते पेटीसाठी नको. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तर ते पॅलेट पेटीखालच्या स्टँडलासुद्धा मी घेत नाही. भुशाच्या दाबीव बोर्डाचा विचारही करू नये, एका पावसात तो फुगतो. प्लायवुड बाहेरच्या वापराचं असेल तर चालतं, पण त्याच्या कडा रंगाने नीट बंद कराव्या लागतात.

मापांत एक खुबी आहे. इंटरनेटवरची बहुतेक रेखाटनं १९ मिलिमीटर जाडीची फळी धरून बाहेरची मापं देतात: ५०५ गुणिले ४१३. आपली फळी २२ किंवा २५ ची असली आणि आपण बाहेरचं माप पाळलं, तर आतली जागा कमी होते आणि सगळी फट भिंतींनी खाल्लेली असते. म्हणून मी बाहेरचे आकडे खोडून आतले लिहून घेतले: लांबी ४६७, रुंदी ३७५. बाहेरून पेटी केवढीही होवो. चौकटीची बाहेरची लांबी ४४८, म्हणजे दोन्ही टोकांना साडेनऊ-साडेनऊ मिलिमीटर उरतात. पिल्लांच्या कप्प्याची चौकट २३२ उंच, तर पेटी २४०. ही ८ मिलिमीटरची फट चौकटीच्या वर ठेवा नाहीतर खाली, पण सगळ्या कप्प्यांत एकाच बाजूला ठेवा. एका पेटीत वर आणि दुसरीत खाली झाली, तर त्या एकमेकींवर ठेवताना कुठे दुप्पट फट पडते, कुठे शून्य. वेगवेगळ्या ठिकाणच्या पेट्या एकत्र करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो.

फळ्या मापात कापून घ्यायला मी ओळखीच्या सुतारकाकांकडे गेले. लांब सरळ काप मशीनवर दहा मिनिटांत होतात, हातकरवतीवर त्याचाच दिवस जातो. काकांनी नमुन्याची चौकट पेटीत ठेवून पाहिली, बोटाने हलवली आणि म्हणाले, “अगं, ही ढिली बसतेय. पट्टी लावून घट्ट करून देतो.”

“नको काका, ती ढिलीच हवी. तिथून माश्या जातात.”

“सगळीकडून?”

“सगळीकडून. खालून, वरून, बाजूने.”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, चौकटीच्या चारही बाजूंनी फटीत ती फिरवून बघितली आणि पुढच्या सगळ्या पेट्यांना तेच माप लावलं. साधी पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाडीची असते. तेव्हापासून मीही फट तपासायला मोजपट्टी काढत नाही.

कोपऱ्यांना बोटात बोटं अडकवल्यासारखे सांधे फार सुंदर दिसतात, पण त्यांना मशीन किंवा फार धीर लागतो. मी एका फळीच्या टोकाला खाच मारून दुसरी तिच्यात बसवते, पाण्यात न सुटणारा डिंक लावते आणि दोन्ही दिशांनी खिळे मारते. फळीच्या टोकावर वर्तुळांच्या रेषा दिसतात. त्यावरून झाडाच्या गाभ्याची बाजू ओळखता येते. ती बाजू पेटीच्या बाहेर ठेवायची, म्हणजे पुढे फळी वाकली तरी कोपरे उघडत नाहीत. डिंक वाळायच्या आत दोन्ही कर्ण दोरीने मोजायचे. ते सारखे आले म्हणजे पेटी गुण्यात, काटकोनात आहे. रंग फक्त बाहेरून. आतून पेटी कोरीच ठेवायची. माश्या ती आपल्या प्रोपोलिसने हव्या तशा लिंपून घेतात.

तळ आणि झाकण यांवर फार लिहिण्यासारखं नाही. तळ म्हणजे तीन बाजूंना पट्टी मारलेली फळी, चौथी बाजू दार. झाकणावर मी छापखान्यातल्या वापरलेल्या ऑफसेटच्या ॲल्युमिनियम प्लेट घातल्या. त्या कात्रीने कापता येतात, कोपऱ्यात कागदासारख्या दुमडता येतात आणि गंजत नाहीत. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

माझा सगळ्यात जास्त वेळ चौकटींनी खाल्ला, आणि मजाही त्यांनीच दिली. एका कप्प्यात १० चौकटी. प्रत्येकीला वरची पट्टी, खालची पट्टी आणि दोन बाजू. सुटी सुटी चौकट जोडायला बसलं तर एक डावीकडे झुकते, दुसरी उजवीकडे. त्यासाठी साचा करावा. तळ आणि झाकण नसलेलं एक खोकं, त्याच्या दोन्ही टोकांना बाजूच्या दहा-दहा पट्ट्या उभ्या राहतात आणि मागून एक पट्टी त्यांना दाबून धरते. वर डिंकाचा थेंब, वरच्या दहा पट्ट्या बसवायच्या, खिळे. मग अख्खा साचा उलटा करून खालच्या दहा. मागची पट्टी सैल केली की दहाच्या दहा चौकटी एका मापाच्या बाहेर येतात.

बाजूच्या पट्टीची रुंदी वरच्या भागात ३५ मिलिमीटर असते. चौकटी एकमेकींना खेटून ठेवल्या की पोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आपोआप ३५ होतं. १० चौकटींचे ३५० झाले, उरलेले २५ चौकट सरकवून उचलायला. ही ३५ ची पट्टी चुकवू नये. पेटीचा कोपरा वाकडा झाला तर दिसायला वाईट, पण इथे दोन मिलिमीटर वाढले तर दहाव्या चौकटीपर्यंत ते वीस होतात.

खिळा मारताना वरून दोन मारून थांबू नये. बाजूच्या पट्टीतून आडवा एक खिळा वरच्या पट्टीत गेला पाहिजे. मधाने भरलेली मोठी चौकट अडीच-तीन किलोची होते, वरून ती प्रोपोलिसने चिकटलेली असते, आणि आपण उचकटायची पट्टी घालून तिच्या कानाला, म्हणजे वरच्या पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकाला, उचकटतो. वरून मारलेला खिळा अशा वेळी सरळ वर निघून येतो आणि हातात नुसती वरची पट्टी राहते. पोळं, मध आणि माश्या पेटीत खाली.

मग तार ओवायची. बाजूच्या पट्ट्यांना समोरासमोर बारीक भोकं, त्यांतून नागमोडी तार, दोन टोकांना दोन छोटे खिळे. एक टोक गुंडाळून खिळा ठोकायचा आणि दुसऱ्या टोकाकडून ओढत यायचं. तार टिचकी मारल्यावर वाजली पाहिजे. भद्द आवाज आला तर ती सैल आहे आणि उन्हात मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत बसवायचा मेणाचा पातळ पत्रा) तिच्यावरून पोट काढणार. फार ओढली तर मऊ लाकडात तार रुतते आणि बाजूच्या पट्ट्या आत वाकतात. मग भोकाच्या कडेला एक छोटी पिन मारली की तार तिच्यावर टेकते.

मेणपत्रा हा यादीतला वादाचा मुद्दा. जर्मनीतल्या योहानेस मेहरिंग यांनी १८५७ मध्ये षटकोनांचे ठसे असलेला मेणपत्रा तयार केला, आणि तेव्हापासून माश्यांना सरळ पोळं बांधायला लावणं सोपं झालं. घरी साधा, बिनठशाचा पत्रा करता येतो. गुळगुळीत फळी पाण्यात भिजवून ठेवायची, वितळलेल्या मेणात बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची आणि गार पाण्यात घालून दोन्ही बाजूंनी पत्रा सोलून काढायचा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते कधीही थेट आचेवर ठेवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवावं. तापलेलं मेण पेट घेतं आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. असा अख्खा पत्रा करण्यात मला फारसा अर्थ वाटला नाही. मी तो बोटभर रुंद पट्ट्यांत कापते आणि वरच्या पट्टीच्या खाचेत वितळलेल्या मेणाने चिकटवते. खालचं सगळं माश्या बांधतात. अट एकच: पेटी डावी-उजवीकडे पाणसळीने सपाट हवी. पोळं ओळंब्यासारखं सरळ खाली उतरतं. पेटी कलती असेल तर ते चौकटीबाहेर जातं.

एवढी सुतारकी नको असेल त्यांच्यासाठी आडव्या पट्ट्यांची पेटी आहे. लांबट, कलत्या भिंतींची कुंडी आणि वर ओळीने ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या, बस. चौकटी नाहीत, तारा नाहीत, वजन उचलायचं नाही. खर्चात हिला तोड नाही. पण तिचं पोळं मधयंत्रात फिरवता येत नाही, आणि आसपासच्या मधपाळांकडून एखादी पिल्लांची चौकट उसनी घेता येत नाही. मला ही देवघेव महत्त्वाची वाटली, म्हणून मी चौकटींच्या पेटीकडे वळले.

स्मोकर हा माझा लाडका उद्योग. एक उंच पत्र्याचा डबा, आत तळापासून दोन बोटं वर भोकं पाडलेली चकती, आणि मागे भाता. भात्याला प्लायवुडचे दोन तुकडे, भोवती जुन्या पिशवीचं रेक्झिन आणि आत एक स्प्रिंग. डबा जस्ताचा मुलामा दिलेला नको, तापल्यावर त्याची वाफ वाईट. रंगवलेला असेल तर आधी उघड्यावर रिकामा जाळून घ्यावा. गंमत भात्याच्या नळीत आहे. भात्याचं भोक आणि डब्याच्या तळाचं भोक समोरासमोर असतात, पण जोडलेले नसतात; मधे बोटभर मोकळी जागा. ही फट बघून पहिल्यांदा वाटतं की हवा वाया जातेय. पण भाता थांबला असताना याच फटीतून हवा आत जाते आणि विस्तव जिवंत राहतो, शिवाय भाता धूर मागे ओढत नाही. नळी पक्की जोडली तर दर पाच मिनिटांनी काडेपेटी शोधावी लागते. आत गोणपाट, नारळाची शेंडी, वाळका पाला. नायलॉनचा धागासुद्धा नको. तळाशी पेटता गोळा, वर ठासून कोरडं, अगदी वर मूठभर हिरवं गवत. बाहेर येणारा धूर हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन बघायचा. चटका बसला तर तो माश्यांवर सोडायचा नाही.

टोपी म्हणजे ताठ काठाची गवताची हॅट आणि काळी जाळी. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि अंडी दिसत नाहीत. काळ्या जाळीतून आरपार दिसतं. पांढरीच मच्छरदाणी घरात असेल तर तोंडापुढचा चौकोन काळा लावावा. काठ रुंद हवा, जाळी नाकाला टेकली की तिचा उपयोग संपला. हातमोजे भांडी घासायचे, लांब बाह्यांचे. उचकटायची पट्टी जुन्या गाडीच्या पाट्याच्या तुकड्याची: एक टोक कानसून धारदार, दुसरं वाकवलेलं. तिला लाल रंग दिलाय. गवतात पडलेली पट्टी शोधण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. पाक द्यायला झाकणाला दीड मिलिमीटरची चार-सहा भोकं पाडलेली बरणी, उलटी. आत साखर आणि पाणी सम प्रमाणात. ती रिकाम्या कप्प्यात आणि झाकणाखालीच ठेवायची, नाहीतर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात.

आता विकतचं. राणी जाळी घरी करायच्या भानगडीत मी पडले नाही. तिच्या फटी साधारण ४.२ मिलिमीटरच्या असतात. कामकरी जावी आणि राणी अडावी, हा सगळा खेळ मिलिमीटरच्या काही दशांशांचा. मधयंत्राचंही तेच. फ्रान्झ हृश्का यांनी १८६५ मध्ये केंद्रोत्सारी बलाने पोळ्यातून मध काढून दाखवला, आणि तत्त्व इतकं सोपं आहे की सायकलची रिम आणि पिंप बघून हात शिवशिवतात. पण मध आम्लधर्मी असतो. लोखंड आणि जस्त त्याच्यात उतरतं. स्टेनलेस स्टीलचं पिंप आणायचं म्हटलं की घरी करण्यातली बचत संपते, आणि वेगाने फिरणारा उघडा सांगाडा हात मोडू शकतो. चार मधपाळांत मिळून एक यंत्र घेणं शहाणपणाचं. तोवर पोळं कुस्करून गाळायचं. यात पोळं वाया जातं हे खरं. एक किलो मेण तयार करायला माश्या सहा-आठ किलो मध खातात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

जुन्या पेट्या स्वस्तात मिळतात, कधी फुकटही. तिथे मात्र हात आखडता घ्यावा. अमेरिकन फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाचे बीजाणू लाकडात आणि मेणात काही दशकं जिवंत राहतात. जुनी पोळी आणि चौकटी मी घेतच नाही. रिकामी पेटी घेतलीच तर खरवडून, ब्लोटॉर्चने आतून सगळीकडे तपकिरी होईपर्यंत भाजून घेते, कोपरे आणि खाचांसकट. आणि जिथून ती आली तिथल्या वसाहती कशाने मेल्या हे कुणी सांगू शकत नसेल, तर ती पेटी चुलीतच बरी.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, याचं उत्तर माश्यांच्या थव्यांनी दिलं. थॉमस सीली या जीवशास्त्रज्ञाने नवं घर शोधणाऱ्या थव्यांवर प्रयोग केले होते. १० किंवा १०० लिटरच्या पोकळीपेक्षा माश्यांना ४० लिटरच्या आसपासची पोकळी पसंत पडली, तीही लहान दाराची आणि जमिनीपासून उंचावर. आपल्या पिल्लांच्या कप्प्याचं आतलं माप गुणून बघा, ४६७ गुणिले ३७५ गुणिले २४०: ४२ लिटर. जोडाजोड केलेल्या फळ्यांची, गाठींची, दोन रंगांची माझी सगळ्यात कुरूप पेटी मी थवे पकडायच्या कामाला लावली. आत निरोगी वसाहतीची एक जुनी काळपट चौकट, बाकी नुसत्या मेणाच्या पट्ट्या, आणि दोन बोटं मावतील एवढं दार. पेटी झाडाच्या बेचक्यात दोरीने बांधली. थवा आला. उतरवून संध्याकाळी चौकटी चांगल्या पेटीत हलवल्या. माप एकच असल्यामुळे त्या तशाच्या तशा बसल्या. कुरूप पेटी पुन्हा झाडावर गेलीय, फक्त या वेळी दोरी जाड घेतलीय, कारण भरलेली पेटी उतरवताना जुनी चांगलीच कुरकुरली होती.